वेळेवर पोचलेली वर्गणी

(वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



इथे बसलेल्यांपैकी बहुतेकजण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. मीही तशीच. म्हणून प्रास्ताविकात वेळ घालवत नाही, एका तारखेपासून सुरुवात करते. २४ जून २०२४.

त्या दिवशी उत्तर प्रदेशातल्या एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत मिळालेली जागा पक्की करायची होती. भरायचे होते १७,५०० रुपये. मुदत संध्याकाळी पाचची. घरात तेवढे पैसे नव्हते. गावातल्या लोकांकडून गोळा करता करता पावणेपाच वाजले. मुलगा पोर्टलवर माहिती भरायला बसला, आणि पाच वाजता पोर्टल बंद झालं. जागा गेली. पुढचे तीन महिने तो एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहिला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोचला. ३० सप्टेंबर २०२४ ला न्यायालयाने संविधानाच्या कलम १४२ खालचा अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला सांगितलं.

ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. निकालाचा आनंदही झाला. पण मी ती वाचताना पावणेपाचवर अडकले. माझ्या डोळ्यांसमोर न्यायालय येत नव्हतं, तो बाप येत होता. सकाळपासून कोणाकोणाच्या दारात गेला असेल? गावाने पैसे दिले, हे लक्षात घ्या. शेजारपाजारच्या माणसांत माया होती, पैसेही होते. नव्हती ती एकच गोष्ट: आधीपासून एका ठिकाणी जमवून ठेवलेली रक्कम, जी सकाळी दहा वाजता हातात देता आली असती.

आज मला एवढंच बोलायचं आहे. आपल्या वस्तीत, गावात, गल्लीत माणसं एकमेकांना जी मदत करतात, तिने घरं वाचतात, शिक्षण वाचतं, जीव वाचतात. पण त्यासाठी ती मदत वेळेवर पोचावी लागते, आणि घेणाऱ्याची मान खाली न घालता पोचावी लागते. या दोन्ही गोष्टी आपोआप होत नाहीत. त्यांची व्यवस्था लावावी लागते.

आधी शब्दांबद्दल बोलू. मी ‘दान’ हा शब्द टाळते, ‘वर्गणी’ म्हणते. दानात पुण्य देणाऱ्याला मिळतं, आणि ते मिळत राहावं म्हणून घेणारा कायम खालीच लागतो. आपल्या आज्यापणज्यांना गावाने भाकरी दिली नव्हती का? दिली होती. येसकराच्या पाळीला घरोघरी भाकरी मिळायची. ती भाकरी पोट भरायची आणि त्याच वेळी जागा दाखवायची. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उष्टं आणि शिळं घेणं सोडा असं सांगितलं, तेव्हा भूक संपलेली नव्हती. तरीही त्यांनी ते सांगितलं. वर्गणीत मात्र देणारा आणि घेणारा एकाच वहीत असतात. या महिन्यात माझं नाव जमेच्या बाजूला, पुढच्या वर्षी कदाचित खर्चाच्या बाजूला.

पुण्यातला करार झाल्यानंतर, १९३२ च्या नोव्हेंबरमध्ये, बाबासाहेबांनी ठक्कर बाप्पांना एक लांब पत्र लिहिलं. अस्पृश्यता निवारणासाठी नवी संघटना निघाली होती, पुढे ती हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. बाबासाहेबांचं म्हणणं असं होतं की काही हुशार मुलांना शिष्यवृत्त्या द्यायच्या, थोडे दवाखाने, थोडी वाचनालयं काढायची, एवढ्याने भागणार नाही. माणूस मागे राहतो तो त्याच्या अंगच्या दोषामुळे, असं धरून चाललात तर तुम्ही त्याला सुधारत बसाल. पण तो ज्या परिस्थितीत राहतो तीच त्याला दाबून ठेवते असं मानलंत, तर पाणवठा, शाळा, रोजगार यांच्या हक्कांसाठी झगडावं लागेल. पुढे १९४५ च्या पुस्तकात त्यांनी या संघाच्या कामावर आणखी कडक टीका केली. मायेने मारण्याचा हा बेत आहे, असा त्यांचा आरोप होता.

मग कोणी विचारेल, ताई, बाबासाहेब असं म्हणतात तर आपण निधी कशाला काढायचा? प्रश्न बरोबर आहे. उत्तरासाठी त्यांच्याच आयुष्याकडे बघू.

कॉलेजात असताना बाबासाहेबांना सयाजीराव महाराजांकडून महिन्याला २५ रुपये मिळत. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा बडोद्याची शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंडांची होती, मुदत तीन वर्षांची, आणि बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार. मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून ते परत आले. १९२० साली पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या ५,००० रुपयांच्या कर्जावर. म्हणजे एवढा विद्वान माणूस घडायला संस्थानाची मदत लागली, बचत लागली, मित्राचं उसनंही लागलं.

पण या हिशेबात एक रकाना राहून जातो. शिष्यवृत्ती शिकणाऱ्याला मिळाली, मागे राहिलेलं घर कोणी चालवलं? रमाईने. आणि कशाच्या मोलावर? त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव राहिले. रमाईसुद्धा १९३५ साली गेल्या. आपण हे जयंतीच्या भाषणात त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो आणि पुढे जातो. मला ती हिशेबाची गोष्ट वाटते. शिकणाऱ्याच्या फीची सोय झाली होती, त्याच्या घराच्या आजारपणाची झाली नव्हती.

आजही तेच चाललं आहे. सरकारी योजना मुलाची फी भरते, रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलते. पण मुलगी कॉलेजात जाते तेव्हा घरात तिची मजुरी बुडते. आई दवाखान्यात असते तेव्हा बापाची रोजंदारी बुडते. या बुडालेल्या पैशासाठी कोणत्याच कार्यालयात अर्ज नाही. स्थानिक वर्गणीची जागा तिथे आहे. हक्काच्या जागी ती बसत नाही. हक्क हातात पडेपर्यंत घर मोडू नये, यासाठी ती असते.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांना जेवू घालण्याचं केंद्र चालवलं, त्यासाठी जाहीर पत्रक काढून मदत मागितली. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन आल्या. त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारी लांबलांबची माणसं आजही तिथे राहतात. गाडगेबाबांना शाळा नव्हती, पण दवाखान्याबाहेर फुटपाथवर झोपणारा नातेवाईक त्यांना दिसला होता.

महाराष्ट्राबाहेरही बघा. पंजाबात जालंधरजवळ डेरा सचखंड बल्लां आहे. रविदासिया समाजाच्या, त्यातही परदेशात राबायला गेलेल्या माणसांच्या देणग्यांतून तिथे धर्मादाय रुग्णालय उभं राहिलं, शाळा उभी राहिली. केरळच्या मलबार भागात पणप्पयट्टु नावाची पद्धत आहे. ज्याला पैशाची गरज तो चहापानाला बोलावतो, येणारा प्रत्येकजण वहीत नाव लिहून पैसे देतो. उद्या त्या माणसाने बोलावलं की याने वाढवून परत द्यायचे. घेणाऱ्याची मान खाली जात नाही, कारण उद्या देणारा तोच असतो. आपल्या बायकांची भिशी याच जातीची. बाहेरून कोणी शिकवायला आलं नव्हतं.

आता आरोग्य, शिक्षण आणि घराची घडी, या तीन ठिकाणी वर्गणी नेमकं काय करते ते बघू.

आरोग्यापासून. आयुष्मान भारतची योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, पण ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले. बीपी-शुगरची रोजची गोळी त्यात नाही. बाहेरच्या बाहेर केलेली सोनोग्राफी नाही. गाडीभाडं नाही, सोबत बसलेल्या माणसाचं जेवण नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. आधीपेक्षा आकडा उतरला आहे, हे खरं. पण ज्याचा खिसा रोज भरून रोज रिकामा होतो, त्याच्यासाठी हजार रुपयांची तपासणीसुद्धा लांबणीवर पडते. आणि लांबलेला आजारच पुढे दाखल व्हायला लावतो. आमच्या निधीतून सगळ्यात उपयोगी पडलेला पैसा विचाराल, तर तो मोठ्या शस्त्रक्रियेचा नव्हता. रिक्षाचं भाडं आणि पहिल्या तपासणीचे पैसे, बस.

दुसरं, पैशाइतकीच माहिती लागते. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक. हे कलम पाठ असलेला एक पदवीधर वस्तीत असला तर तो दहा हजारांच्या वर्गणीइतका उपयोगी पडतो. काउंटरवर ‘खाट नाही’ म्हटल्यावर घरचा माणूस गप्प परत फिरतो. तुम्ही म्हणा, तसं लेखी द्या. बऱ्याचदा बोलण्याचा सूर तिथेच बदलतो.

आता शिक्षण. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आपल्यातले बहुतेकजण याच शिष्यवृत्तीवर शिकलो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने तिच्यात बदल केला: केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के, रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. कागदावर छान आहे. पण कॉलेजला पैसे जूनमध्ये पाहिजेत आणि खात्यात ते कधी येतील ते कोणी सांगत नाही. शिवाय अनुसूचित जातींसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. बाप कुठे वॉचमन, आई धुणीभांडी करते, दोघांचं मिळून दोन लाख साठ हजार झालं की मुलगी बाहेर. जून ते शिष्यवृत्ती, ही दरी कोणी भरायची? आज ती बहुतेक घरांत आईच्या कानातलं भरतं, नाही तर सावकार.

म्हणजे आपण तिसऱ्या गोष्टीवर आलोच, घराच्या घडीवर. साधा हिशेब करू. १७,५०० रुपये सावकाराकडून शेकडा पाचाने घेतले तर महिन्याचं व्याज ८७५ रुपये. वर्षाचं १०,५००. मुद्दल जिथल्या तिथे. ते फेडायला धाकट्याची शाळा सुटते, शेळी विकली जाते, किंवा बाप दुसरी पाळी करतो आणि आजारी पडतो. आता दुसरा हिशेब. समजा चाळीस घरं महिन्याला १०० रुपये देतात. महिन्याचे ४,०००. साडेचार महिन्यांत सतरा-अठरा हजार तयार. कोणावर उपकार नाही, व्याज नाही. फीसाठी दिलेले पैसे शिष्यवृत्ती आली की मूल परत करतं, आणि तेच पैसे पुढच्या जूनला दुसऱ्या मुलाला जातात. वर्गणीची ताकद तिच्या आकड्यात फार नसते. एकच रक्कम चार घरांतून फिरून येते, त्यात असते.

आता आमची एक चूक सांगते. मी आमच्या वस्तीच्या निधीची वही लिहिते. सुरुवातीच्या काळात १४ एप्रिलला आम्ही स्टेज घातला. बारावी झालेल्या एका मुलीला नाव पुकारून वर बोलावलं, तिच्या आईलाही बोलावलं. पाकीट दिलं, फोटो काढले, पाकिटात किती आहेत तेही माइकवर सांगितलं. टाळ्या पडल्या. आम्हाला वाटलं, किती छान कार्यक्रम झाला. त्यानंतर ती बाई विहारात यायची बंद झाली. दोन-तीन महिन्यांनी ती माझ्या दारात आली, रुमालात बांधलेले पैसे घेऊन. कोणी परत मागितले नव्हते. म्हणाली, “ताई, हे घ्या. थोडे आहेत, बाकीचे देते. माझ्या पोरीला वर्गातली पोरं पाकीटवाली म्हणतात.”

मला काय बोलावं सुचलं नाही. ज्या अपमानातून बाहेर पडायचं म्हणून आम्ही एकत्र आलो, तोच आम्ही हार घालून तिच्या गळ्यात टाकला होता. त्या रात्री आम्ही बसलो आणि नियम बदलले. आज ते तुमच्यापुढे ठेवते. आवडले तर घ्या, न पटले तर बदला.

पहिला नियम: हिशेब मोठ्याने वाचायचा, घेणाऱ्याचं नाव नाही. दर पौर्णिमेला विहारात जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, आणि खर्च कशावर झाला तेवढं वाचतो. ‘फी, एक. दवाखाना, दोन. प्रवास, एक.’ नावं फक्त तिघांना माहीत. फोटो नाही, पाकीट नाही, व्हॉट्सअॅपवर आभार नाहीत.

दुसरा: तिघांत दोन बाया. घरात पैसा कधी संपतो हे बाईला पुरुषाच्या आठ दिवस आधी कळतं. शिवाय दुसऱ्या बाईला तिच्याकडे यायला संकोच वाटत नाही. बँकेतून पैसे काढायला दोन सह्या लागतात, आणि त्या एकाच घरातल्या नसतात.

तिसरा: तातडीची एक रक्कम अशी ठेवायची की जिच्यासाठी बैठक लागत नाही. तिघांतल्या कोणीही एकाने फोनवर हो म्हटलं की तासाभरात पैसे द्यायचे, चौकशी नंतर. पावणेपाचची गोष्ट विसरू नका. बैठक बोलावून, ठराव करून दिलेले पैसे पाच वाजून गेल्यावर पोचतात.

चौथा: घेणारा सभासद राहतोच. महिन्याचे शंभर झेपत नसतील तर दहा द्या. तेही नसतील तर रविवारी दोन तास द्या, अर्ज भरायला बसा, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्या. पण वहीत नाव हवं.

पाचवा, आणि हा कायद्याचा आहे: कोणालाही व्याजाचं किंवा दामदुपटीचं आमिष दाखवून पैसे गोळा करू नका. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदा २०१९ पासून आहे, आणि चिटफंडात बुडालेली घरं आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. लहान गट असेल तर बचत गटाची वाट सोपी. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. दहा ते वीस जणांच्या गटाला स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं. पसारा वाढला, बाहेरून देणग्या यायला लागल्या, तर मात्र रीतसर नोंदणी करा. अध्यक्षाच्या खाजगी खात्यात समाजाचा पैसा ठेवू नका, माणूस कितीही सोन्यासारखा असला तरी. तो सोन्यासारखाच राहावा असं वाटत असेल तर नक्कीच ठेवू नका.

जयंतीबद्दल एक वाक्य बोलते, रागावू नका. मिरवणूक मला आवडते. ज्या रस्त्यावरून आपल्याला चालू देत नव्हते त्या रस्त्यावर नाचणं हाही एक हक्कच आहे. फक्त जयंतीच्या वर्गणीत निधीचाही एक भाग ठेवा आणि पावतीवर तसं छापा. लोक देतात. उलट जरा जास्तच देतात, असा आमचा अनुभव आहे.

आता बाबासाहेबांच्या त्या पत्राकडे परत येते. आपला निधी चालू लागला की एक धोका तयार होतो. कॉलेजचा क्लार्क म्हणतो, “तुमच्या समाजाचा फंड आहे ना, मग भरा की.” शिष्यवृत्ती उशिरा आली तरी चालतं, कारण वस्ती भरते. म्हणजे सरकारची थकबाकी आपण आपल्या घामातून फेडायची! हे होऊ द्यायचं नसेल तर वहीत आणखी एक रकाना वाढवा. प्रत्येक खर्चापुढे लिहा: हा पैसा खरं तर कोणी द्यायचा होता? ‘शिष्यवृत्ती आली नाही.’ ‘प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध नव्हतं.’ ‘जात प्रमाणपत्र अडलं.’ वर्षाच्या शेवटी तो रकाना एका कागदावर उतरवा आणि निवेदनाला जोडून समाजकल्याण कार्यालयात, जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, माहितीच्या अधिकारात प्रश्न विचारा. ‘आमच्यावर अन्याय होतो’ या वाक्याला ते ऐकून घेतात आणि चहा पाजतात. ‘या वर्षी एवढ्या मुलांची फी आम्ही भरली, ती तुमच्याकडे येणं आहे’ असा तारीखवार कागद पुढे ठेवला की उत्तर द्यावं लागतं. असा निधी हक्काच्या लढाईला खीळ घालत नाही, तिला पुरावा पुरवतो.

शेवटचा मुद्दा तुमचा-माझा, आणि तोच बोलायला जड आहे.

आपण घरातले पहिले कमावते पदवीधर. पगार झाला की तीन तारखेपासून फोन सुरू होतात. काकाचं ऑपरेशन, आत्याच्या मुलीची फी, गावाकडच्या घराचे पत्रे. आपण देतो, कारण त्यांनीही दिलं होतं. कोणी सायकल दिली, कोणी डबा दिला. मग महिनाअखेरीला आपणच ॲपवरून कर्ज काढतो आणि कोणाला सांगत नाही. एखाद्या वेळी नाही म्हणावं लागतं आणि रात्रभर झोप येत नाही. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल खंत व्यक्त केली होती, ती आपल्याला चाबकासारखी लागते. कांशीराम साहेबांनी १९७८ साली बामसेफ उभी केली ती समाजाचं देणं फेडण्याच्या विचारावरच. ते देणं आहे, मी नाकारत नाही.

पण त्या दोघांचंही बोलणं संघटनेबद्दल होतं. एकट्याने स्वतःला पिळून घ्या असं कोणी सांगितलं नव्हतं. एका पगारावर बारा घरं चालत नाहीत. ती चालवायला गेलात तर तेरावं, म्हणजे तुमचं, कोसळतं. आणि लक्षात घ्या, एकट्याने दिलं की हळूहळू आपण दाते होतो. लोक आपल्याला बघून उठून उभे राहतात आणि आपल्यालाही ते आवडायला लागतं. निधीत दिलं की आपण चाळिसातले एक राहतो. म्हणून पुढच्या वेळी फोन आला की लगेच हो किंवा नाही म्हणू नका. विचारा, आपल्याकडे निधी आहे का? नसेल तर त्या काकाला, त्या आत्यालाच पहिला सभासद करा.

ज्यांना अजून नोकरी नाही त्यांनी मान खाली घालून बसू नये. इंग्रजी अर्ज वाचता येणं, पोर्टलवर कागद चढवता येणं, डॉक्टरने काय लिहिलं ते आईला मराठीत समजावून सांगणं, हीसुद्धा वर्गणीच आहे. त्या उत्तर प्रदेशातल्या घराला पैशाइतकीच गरज होती ती सकाळीच कागद भरून तयार ठेवणाऱ्या माणसाची. तुम्ही ज्या शहरात असाल, सुरतेला, हैदराबादला, दिल्लीला, तिथल्या आपल्या माणसांच्या वस्तीत अशी पाच-सात जणं नक्की सापडतील. भाषा वेगळी असेल. अडचणी त्याच आहेत.

जाताना एक सांगते. ती पाकीटवाली मुलगी पुढे शिकली आणि नोकरीला लागली. तिची आई आता निधीच्या तिघांमधली एक आहे. मागच्या पौर्णिमेला शिल्लक तिनेच वाचून दाखवली. आवाज मोठा होता, आणि एकाही घेणाऱ्याचं नाव त्यात नव्हतं.

जय भीम.